७८ टक्के झालं होतं, सर!



२०१२ सालचा उन्हाळा. आमच्या तालुक्यात तेव्हा भारनियमन जोरात होतं. सकाळी तीन तास, संध्याकाळी तीन तास, आणि मधेअधे न सांगता जायची ती वेगळी. घरी मी हौसेने घेतलेला एक डेस्कटॉप होता. त्याच्या यूपीएसची बॅटरी केव्हाच बसलेली. लाइट गेली की 'टुक' असा आवाज करून तो संगणकासकट मरायचा.

या संगणकावर मी एक उद्योग चालवत होतो. जगभरातले काही शास्त्रज्ञ आपल्या प्रचंड मोठ्या आकडेमोडीचे बारीक तुकडे करतात आणि लोकांच्या घरच्या संगणकांवर पाठवतात. आपण संगणक वापरत नसू तेव्हा तो ती आकडेमोड करतो आणि उत्तर परत पाठवतो. पैसे मिळत नाहीत. गुण मिळतात, पण त्यांचं बाजारात काही येत नाही. सगळा स्वखुशीचा मामला. यातला सगळ्यांत गाजलेला प्रकल्प म्हणजे 'सेटी ॲट होम'. अमेरिकेतल्या बर्कले विद्यापीठाने तो मे १९९९ मध्ये सुरू केला. पोर्टो रिको बेटावरच्या अरेसिबो दुर्बिणीने टिपलेल्या रेडिओलहरींत कुठे परग्रहावरच्या बुद्धिमान जीवांचा संकेत दिसतो का, ते शोधायचं. एका तुकड्यात जेमतेम १०७ सेकंदांची नोंद असायची, पण ती चाळायला घरच्या संगणकाला कित्येक तास लागायचे. पुढे त्याच मंडळींनी 'बॉइंक' नावाचं सॉफ्टवेअर तयार केलं. ते एकदा संगणकावर बसवलं की आकाशातले पल्सार शोधायचे, प्रथिनांच्या घड्या तपासायच्या की हवामानाचं गणित करायचं, हे आपलं आपण निवडायचं.

माझ्या संगणकावर तेव्हा दोन-तीन प्रकल्प आलटून पालटून चालायचे. कोणते ते सांगत नाही, कारण पुढची तक्रार खरं म्हणजे माझ्याच अज्ञानाची होती.

तर एके दिवशी सकाळी बघतो तो एक काम ७८ टक्क्यांवर. हिरवी पट्टी मस्त भरत आलेली. मी मुलीला म्हटलं, "बघ, दुपारपर्यंत आपलं उत्तर समुद्रापार जाणार." तेवढ्यात टुक! तीन तासांनी लाइट आली, संगणक सुरू केला, तर पट्टीवर ३१ टक्के.

मला काय राग आला म्हणून सांगू! फुकटात काम करतोय, विजेचं बिल भरतोय, आणि हे बेटं निम्मं काम खाऊन बसलं. मुलगी तेव्हा सहावीत होती. ती म्हणाली, "बाबा, तुम्ही सेव्ह नव्हतं का केलं?" मी म्हटलं, "अगं, त्यात सेव्हचं बटणच नाही." तिला पटलं नाही. बटण नसलं तरी कोणीतरी सेव्ह करत असणारच, नाहीतर ३१ तरी कुठून आले? शून्य यायला पाहिजे होतं की.

बरोबर होतं तिचं. त्या ३१ चा शोध घ्यायला मला दोन दिवस लागले.

बॉइंकच्या खिडकीत एखादं काम निवडून त्याचे गुणधर्म उघडले की एक तक्ता दिसतो. त्यात तेव्हा दोन ओळी असायच्या. एका ओळीत आतापर्यंत प्रोसेसरने या कामावर घालवलेला वेळ. दुसऱ्या ओळीत शेवटच्या चेकपॉइंटपर्यंतचा वेळ. मी पुढचं काम सुरू असताना हा तक्ता उघडून बसलो. पहिली ओळ ४ तास १० मिनिटं, दुसरी १ तास ४० मिनिटं. म्हणजे या क्षणी लाइट गेली तर अडीच तास पाण्यात! आणि पट्टी? पट्टी निवांतपणे ७८ दाखवत होती. पट्टी किती काम झालंय ते सांगते. त्यातलं किती जपून ठेवलंय, ते ती सांगत नाही. इतकी वर्षं संगणक वापरून मला हे दोन वेगळे प्रश्न आहेत हेच ठाऊक नव्हतं.

चेकपॉइंट म्हणजे काय? प्रोग्रॅम मधेच एके ठिकाणी थांबून आपली सध्याची स्थिती हार्ड डिस्कवर लिहून ठेवतो आणि पुढे चालू लागतो. मेमरीतलं सगळं वीज गेली की पुसलं जातं, डिस्कवरचं राहतं. पुन्हा सुरू झाला की तो डिस्कवरची शेवटची नोंद वाचतो आणि तिथून पुढे निघतो. त्या नोंदीनंतर जे काही केलं असेल ते पुन्हा करायचं.

हे कळल्यावर मी शहाणपणा केला. सेटिंगमध्ये चेकपॉइंटचा एक आकडा असतो, मूळचा ६० सेकंद. मी तो ५ केला. म्हटलं, आता दर पाच सेकंदांनी नोंद होईल, जाऊ दे लाइट जायची तर. काही उपयोग झाला नाही. नोंदी आपल्या पूर्वीच्याच गतीने. मग ते वाक्य नीट वाचलं. 'दर ६० सेकंदांनी नोंद करा' असं त्यात म्हटलेलंच नाही. 'फार तर दर ६० सेकंदांनी' असं आहे. म्हणजे याहून घाईने डिस्कला त्रास देऊ नका, एवढंच. वाट्टेल तिथे थांबून नोंद करता येत नाही. कुठे थांबणं शक्य आहे ते आकडेमोडच ठरवते. काही प्रकल्पांची कामं मिनिटाला नोंद करतात, काहींना तासभरही लागतो.

आता हे 'कुठे थांबणं शक्य आहे' प्रकरण पोरांना कसं सांगायचं? मला गुणाकार आठवला. समजा, मुलगा ४७८ गुणिले ६ करतोय. सहा आठे अठ्ठेचाळीस, आठ लिहिले, हातचे चार. त्याच क्षणी तुम्ही त्याला हाक मारली. परत आल्यावर वहीत काय आहे? ८. आणि हातचे चार? ते वहीत नाहीत, डोक्यात होते. गेले. तो पुढे सहा साते बेचाळीस करतो, दोन लिहितो आणि गणित चुकतं. पण पूर्ण ओळ संपल्यावर हाक मारली असती तर काहीच बिघडलं नसतं, कारण तेव्हा हातात हातचा नव्हता. चांगला प्रोग्रॅम लिहिणारा माणूस नेमकी अशी जागा शोधतो, जिथे हातचे कमीत कमी असतात. तिथेच नोंद करायची. नाहीतर मग सगळे हातचे लिहून ठेवायला हवेत, आणि मोठ्या आकडेमोडीत ते लाखोंनी असतात.

त्याच वर्षी आठवीच्या वर्गात मी एक खेळ घेतला. तो सविस्तर सांगतो, कारण तुम्हालाही घेता येईल. साहित्य काही नको. एक वही, एक पेन्सिल आणि शिट्टी.

'गिम्प्स' नावाचा एक असाच स्वयंसेवी प्रकल्प १९९६ पासून चालू आहे. जॉर्ज वोल्टमन यांनी तो सुरू केला. २ चा कुठला तरी घात घ्यायचा, त्यातून १ वजा करायचा आणि येणारी संख्या मूळ आहे का ते पाहायचं. यासाठी लुकास-लेमर नावाची एक सुंदर कसोटी आहे. २ चा सातवा घात १२८, वजा १, म्हणजे १२७. ही मूळ संख्या आहे का? सुरुवात ४ ने करा. वर्ग करा, २ वजा करा, १२७ ने भागा, फक्त बाकी ठेवा. त्या बाकीवर पुन्हा तेच. घातांक ७ आहे म्हणून ७ वजा २, असं ५ वेळा. शेवटी बाकी शून्य आली तर संख्या मूळ.

करून बघा. ४ चा वर्ग १६, वजा २, १४. पहिली पायरी झाली. १४ चा वर्ग १९६, वजा २, १९४, बाकी ६७. ६७ वरून ४४८७, बाकी ४२. ४२ वरून १७६२, बाकी १११. १११ वरून १२३१९, आणि १२७ गुणिले ९७ बरोबर १२३१९. बाकी शून्य! वर्गात टाळ्या पडतात, अनुभव आहे. (ही कसोटी का चालते, असं एका पोरीने विचारलं. त्याचं उत्तर आठवीत देता येत नाही, तसं तिला सांगून टाकलं.)

आता खेळ. एक मुलगा गणित करायला बसतो. मी मधेच शिट्टी वाजवून ओरडतो, "लाइट गेली!" त्याने पेन्सिल ठेवून लगेच उठायचं, तोंडातून शब्द काढायचा नाही. दुसऱ्याने बसायचं आणि वहीत 'नोंद' म्हणून आखलेल्या चौकटीत जे लिहिलंय तेवढंच वाचून पुढे न्यायचं. कच्चं काम पाटीवर, आणि पाटी मी पुसून टाकतो. पाटी म्हणजे मेमरी, चौकट म्हणजे डिस्क.

पहिल्या पोराने चौकटीत लिहिलं, '३ पायऱ्या झाल्या'. दुसरा बसला आणि माझ्या तोंडाकडे बघायला लागला. तीन झाल्या, पण आकडा कुठाय? पुन्हा पहिल्यापासून. पुढच्या गटाने शहाणं होऊन नुसतं '४२' लिहिलं. आता हे ४२ तिसऱ्या पायरीचे की चौथ्या? थांबायचं कधी? तेही गेलं. तिसऱ्या खेपेला एकाने लिहिलं, 'पायरी ३, बाकी ४२'. बस्स. एवढ्यावर कोणीही पुढे जाऊ शकतो. त्याआधीचे १४ नकोत, ६७ नकोत, पहिला मुलगा कोण होता तेही नको.

ऑक्टोबर २०२४ मध्ये गिम्प्समधून सापडलेली मूळ संख्या २ चा १३,६२,७९,८४१ वा घात वजा १ अशी आहे. लिहायला बसलं तर ४ कोटी १० लाखांहून जास्त अंक. लुकास-लेमर पद्धतीने ती तपासायची म्हणजे साडेतेरा कोटींहून जास्त पायऱ्या, प्रत्येक पायरीवर कोट्यवधी अंकांची संख्या, आणि मागची पायरी झाल्याशिवाय पुढची करता येत नाही. तरी मधे थांबायचं तर जपायचं काय? पायरीचा क्रमांक आणि एक बाकी. आमच्या वहीतलंच.

खेळात एक गंमत झाली, ती मी ठरवलेली नव्हती. एका नीटनेटक्या मुलीने चौकटीतली जुनी नोंद खोडरबराने स्वच्छ पुसली आणि नवीन लिहायला पेन्सिल टेकवणार, तेवढ्यात माझी शिट्टी! चौकट कोरी. जुनी नोंद गेली, नवीन आली नाही. तिच्या डोळ्यांत पाणीच आलं. मी म्हटलं, अगं, मोठमोठ्या प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांनी हीच चूक केली आहे. म्हणून नवीन नोंद आधी दुसऱ्या फाइलमध्ये पूर्ण लिहायची, आणि मगच जुनीच्या जागी तिला बसवायचं. पोरांनी लगेच नियम केला: खाली नवीन लिहा, मग वरचं काट मारा, खोडरबर बंद.

पालकांसाठी चार व्यवहाराच्या गोष्टी सांगतो, कारण हे वाचून कोणाला घरी करून बघावंसं वाटेल. संगणक बंद करायच्या आधी तो गुणधर्मांचा तक्ता उघडा, नोंद नुकतीच झालेली असेल तर खुशाल बंद करा. 'थांबवलेलं काम मेमरीत राहू द्या' असा एक पर्याय असतो. मुलाला गेम खेळायचाय म्हणून काम थोडा वेळ थांबवलं तर तो उपयोगी, लाइट गेली तर त्याचा काही उपयोग नाही. संगणक हायबरनेट केला तर मेमरीच डिस्कवर लिहिली जाते, त्यामुळे काम सहसा शाबूत राहतं. आणि बिलाचं भान ठेवा: १०० वॅट जास्त ओढणारा संगणक दहा तास चालला की एक युनिट झालं. लॅपटॉप तापतो, त्याला या कामाला जुंपू नका.

आणखी एक. ७८ टक्के झालेलं काम आपल्या घरी कितीही मोलाचं वाटलं तरी बहुतेक प्रकल्पांत तिकडे त्याला काही किंमत नसते. बऱ्याच प्रकल्पांत एकच तुकडा दोघांना पाठवतात, दोन्ही पूर्ण उत्तरं जुळली तर ग्राह्य धरतात. मुदत संपली की तो तुकडा तिसऱ्याला. हवामानाचं गणित करणारा 'क्लायमेटप्रेडिक्शन डॉट नेट' हा ऑक्सफर्डचा प्रकल्प याला अपवाद. त्याची कामं फार लांबलचक, म्हणून मधल्या टप्प्यांवरची माहितीही तो थोडी थोडी मागवून घेतो. संगणक कायमचा बंद पडला तरी तिथपर्यंतचं शास्त्रज्ञांच्या हाती लागतं.

हे मला त्या वर्षी नुसतं संगणकाचं वाटत होतं. मग दिवाळी आली.

आमचा बीड जिल्हा. दिवाळीच्या सुमाराला टोळ्या निघतात. मुकादमाची उचल घेतलेली असते, नवरा-बायको मिळून एक कोयता, आणि बरोबर लेकरं. पश्चिम महाराष्ट्रातल्या कारखान्यांच्या फडात कोप्या टाकून राहायचं. हंगाम संपला की मार्च-एप्रिलमध्ये परत. सहावीतला एक मुलगा असाच गेला आणि गुढीपाडव्याच्या आसपास आला. मी विचारलं, "भागाकार कुठपर्यंत झाला होता रे?" तो म्हणाला, "निम्मा झाला होता, सर."

मी हजेरीपुस्तक काढलं. चाचणीच्या गुणांची वही काढली. त्याला वीसपैकी अकरा. अकरा म्हणजे काय? कोणती अकरा? भाग लावता येत होता का? शून्याचं काय? माझ्याकडे काहीही नव्हतं. माझ्याकडे पट्टी होती. मी त्याला पहिल्यापासून शिकवायला घेतलं. दोन दिवस तो ऐकून घेत होता, कारण ते त्याला येत होतं. तिसऱ्या दिवशी तो आला नाही. आठवडाभराने घरी गेलो तर आई म्हणाली, "त्याला वाटतंय सर आपल्याला खालच्या वर्गात बसवत्यात." पुढच्या वर्षी तो गेला तो शाळेत परत आलाच नाही. याला मीच एकटा कारण होतो असं मी म्हणणार नाही, घरची उचल फिटलेली नव्हती. पण ते दोन दिवस माझ्या डोक्यातून जात नाहीत.

त्यानंतर जाणाऱ्या प्रत्येक पोराबरोबर मी शिक्षण हमी कार्डाला टाचून एक अर्धा कागद द्यायला लागलो. टक्के नाहीत, श्रेणी नाही, 'प्रगती समाधानकारक' तर नाहीच नाही. तीन-चार ओळी. मूल नेमकं कुठल्या पायरीवर आहे आणि हातचे काय आहेत. पहिल्या वर्षी मी भाराभर लिहिलं, दोन पानं. कोण वाचणार? मग कमी करत आणलं. लिहिताना स्वतःला एकच प्रश्न विचारायचा: मला न भेटलेला शिक्षक एवढ्यावर उद्या सकाळी सुरुवात करू शकेल का?

सगळे कागद कामाला आले असं नाही. एक पावसात भिजला. दोन पोरं तिकडे शाळेत गेलीच नाहीत, धाकट्या भावंडांना सांभाळत कोपीवर बसली. एका ठिकाणच्या बाईंनी मात्र मला फोन केला आणि अर्धा तास बोलल्या.

सेटी ॲट होमने ३१ मार्च २०२० ला नवीन काम वाटणं थांबवलं. त्याच वर्षी १ डिसेंबरला अरेसिबोची दुर्बीणही कोसळली. माझा जुना डेस्कटॉप त्याआधीच भंगारात गेला होता. मुलगी आता नोकरी करते, तिच्या लॅपटॉपवर बॉइंक घालायला ती मला हात लावू देत नाही. बरोबरच आहे, मीच सांगितलंय लॅपटॉप तापतो म्हणून.

गेल्या हंगामात एक मुलगी कागद घेऊन गेली होती. मी लिहिलं होतं: 'तीन अंकी भागिले एक अंकी येतं. बाकी भाजकापेक्षा मोठी राहिली तरी थांबते, लक्षात येत नाही. सहाचा पाढा अडखळत.' मार्चच्या शेवटी ती परत आली. कागद चार घड्यांवर फाटत आलेला, हळदीचा डाग पडलेला. माझ्या मधल्या ओळीवर काट होती, आणि खाली दुसऱ्याच कोणाच्या निळ्या अक्षरात: 'बाकी आता स्वतः तपासते. भागाकारातलं शून्य विसरते, ३०६ च्या जागी ३६. पाढा झाला.' सही नव्हती, तारीख होती, फेब्रुवारीची.

मी फळ्यावर ६१२ भागिले २ लिहिलं आणि खडू तिच्या हातात दिला. तिने ३ लिहिले, मग १ खाली घेतला, आणि तिथे थांबून फळ्याकडे बघत राहिली.